राखीव

"झाडं वाचवा ही पोटभरल्यांची थेरं." परवा बैठकीत आपल्यातलाच एक जण बोलला आणि सगळे खिदळले. मीही खिदळलो. रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

दोस्तहो, 'राखीव' हा शब्द घ्या. आपल्या पाठीला तो डिंकानं चिकटवलाय. राखीव जागेवाले म्हणून ज्यांनी आपल्याला हिणवलं, त्यांच्यातल्या एकानं तरी राखीव जंगलाविरुद्ध कधी बोंब मारली का? 1817 साली मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानाची युद्धनौका बांधली. त्रिंकोमाली तिचं नाव. ती अजून इंग्लंडात तरंगतेय. पुढं रेल्वेला स्लीपर लागले. 1878 च्या कायद्यानं जंगल राखीव झालं ते त्यांच्यासाठी. साग साहेबाचा, अन् सरपणाची मोळी आणणारी बाई चोर! बाबासाहेबांची राखीव जागा माणसाला आत घेते. जंगलखात्याचं राखीव माणसाला हाकलतं.

बरं, एवढं राखून झाडं तरी राहिली? शिसव जगातल्या संकटातल्या झाडांच्या यादीत गेला. 2017 पासून त्याचं लाकूड परवान्याशिवाय परदेशी विकता येत नाही. मोळीवालीनं संपवला का तो? शिसवी पलंग कुणाच्या वाड्यात आहेत बघून या. (आमच्या खोलीत लोखंडी खाट हाय.)

आपलं नान्नजच बघा की. 1979 ला माळढोकासाठी अभयारण्य केलं, 8496 चौरस किलोमीटर. तालुकेच्या तालुके कागदावर कोंडले. लोकांना जमीन विकता येईना, पुढं ते लई कमी करावं लागलं. अन् माळढोक? आज नजरेस पडणं मुश्किल.

आता गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. गोंडांचं गाव. तिथं एकाचाही विरोध असेल तर निर्णय होत नाही. घराला लागेल तेवढंच लाकूड, तेही गावाला विचारून, अन् राखण पाळीपाळीनं. 2009 साली वनहक्क कायद्यानं त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला खातं वाहतूक परवाना देईना. बांबू म्हणे इमारती लाकूड! गवताला लाकूड ठरवणारा कायदा. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गाव मालक झालं म्हणून जंगल ओरबाडलं नाही.

मग आपला काय संबंध? आहे. त्याच 2006 च्या कायद्यात आदिवासी नसलेल्यांना अट आहे: 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलाच्या आधारानं राहिल्याचा पुरावा द्या. आदिवासींना ही अट नाही, ते रास्तच आहे. पण जंगलकाठच्या बौद्धानं 1930 चा कागद आणायचा कुठनं? 1930 साली आपली माणसं काळारामाच्या दारात उभी होती. ज्यांनी देवळात घेतलं नाही ते दप्तरात घेणार होते? 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं लाखो भूमिहीन तुरुंगात गेले. त्यांनीही जमीनच मागितली होती.

पण नियमात एक फट आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको. तेव्हा खिदळणं पुरे. चांदा, गडचिरोली, ठाणे, नाशिक, जिथं तुमची पाहुणेमंडळी जंगलाकाठी आहेत तिथं दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन जा. बाप कुठं राहायचा, आज्यानं कुठनं लाकूडफाटा आणला, कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही असं गावानं ठरवलं होतं, सगळं लिहून घ्या. म्हाताऱ्याला सही येत नसंल तर अंगठा घ्या. पण या वर्षी घ्या, म्हातारी माणसं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबत नाहीत.