नक्की कुठल्या सरांना?

‘सरांना काय, लाखभर पगार आहे!’ कट्ट्यावर हे वाक्य अधूनमधून पडतंच. पण नक्की कुठल्या सरांना?

सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, सहयोगी प्राध्यापकाचं १,३१,४०० आणि प्राध्यापकाचं १,४४,२००. भत्ते वेगळे. विषयाने यात फरक पडत नाही. मराठीच्या मॅडम आणि फिजिक्सचे सर एकाच श्रेणीत. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत बिझनेस शिकवणारे इतिहास शिकवणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त कमावतात. आपल्याकडे विषयाला बाजारभाव लागत नाही, हे चांगलंच आहे.

आपली दरी या तक्त्यात दिसत नाही. ती आहे तासिका तत्त्वावरच्या सरांची. नेट-सेट किंवा पीएच.डी. तीच, वर्ग तोच, फळाही तोच. यूजीसीने २०१९ मध्ये त्यांच्यासाठी तासाला १,५०० रुपये सुचवले, पण महिन्याला ५०,००० ची मर्यादा घालून. म्हणजे तेहतीस तास शिकवले की मर्यादा जवळपास संपली! एवढं सगळं मिळालं तरी ते नव्या कायम प्राध्यापकाच्या मूळ वेतनाहून कमीच. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तास बंद आणि पैसेही बंद. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलावर चहा पिणाऱ्या दोघांची ही गोष्ट.

रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि तासिकांवर वर्षं ढकलायची, हा कारभार थांबला पाहिजे. आपल्या विभागात कायम शिक्षक किती, तासिकेवरचे किती, हे एकदा ऑफिसात जाऊन विचारा तर.