यंत्र कुणाच्या खर्चाने?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ऑफिस घरी आले आणि अनेकींच्या घरून ते परत गेलेच नाही. मालकाचे जागाभाडे वाचले, वीज वाचली. टेबल, इंटरनेट आणि लॅपटॉप बाईच्या माथी! सोलापूरची विडी कामगार घरी बसून विड्या वळते, तिला निदान पान-तंबाखू कारखान्यातून मिळतो. (पान कमी भरते, पदरचे घालावे लागते, ती लूट वेगळीच.) १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. आणि घरून हिशेब लिहिणारी, डेटा भरणारी आपली शिकलेली मैत्रीण? ती यंत्रही स्वतःच आणते, वर 'घरबसल्या काम मिळाले' म्हणून उपकार मानते.

त्यात तिच्या वाट्याला येतो तो नवऱ्याने नाहीतर मुलाने टाकलेला लॅपटॉप. शिळी पोळी येते तसाच. काम नगावर असेल तर रखडणारे यंत्र म्हणजे सरळ मजुरीत कपात.

दुकानदार म्हणेल, नवाच घ्या. मैत्रिणींनो, घाई करू नका. आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, रॅम ४ जीबीची ८ करा. पत्रव्यवहार, हिशेब, व्हिडिओवरच्या बैठका यांना एवढे पुरते. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तिथे लिनक्स फुकट आहे. कामाचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे आधी विचारा. नवा घ्यायचाच तर रॅम पुढे वाढवता येईल असा घ्या. पातळ, देखण्या यंत्रांत ती बहुधा बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते. बिल आपल्या नावाचे, पासवर्ड आपला. 'मला त्यातले काय कळते' म्हणू नका. शिवणयंत्र खोलून तेल घालणाऱ्या आपणच ना?

पण आपल्या काटकसरीने यंत्र चालू राहिले की फायदा मालकाचाच. घरून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक द्या, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. सरकारची वाट पाहत बसायचे का? गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने लॅपटॉपचे, दुरुस्तीचे, इंटरनेटचे बिल आणावे. बेरीज करू, आणि कामाचा दर ठरवताना ती मालकापुढे ठेवू.