जें एकास सात्म्य, तें दुसऱ्यास विष

'शाकाहारी घरांत कोळंबीची चर्चा कशास?' असा प्रश्न आमच्या नशिराबादेंतील वाचक मंडळी खचित विचारतील. कारण घरचेंच आहे. माझी पुतणी मालवणकडील सारस्वत घरीं दिली. लग्नापूर्वीं तिनें मासळी जिभेवर ठेविली नव्हती. सासरीं प्रथमच सोड्यांची खिचडी खातांच अंगभर गांधी उठल्या. "सूनबाई, संवय होईल हो," असें सासूबाई मायेनें म्हणाल्या. पुढें खेकड्याचें कालवण पानांत पडलें, आणि त्या रात्रीं घसा सुजून श्वास कोंडला. वेळेवर डॉक्टर मिळाले म्हणून निभावलें.

यांत हट्ट कोणाचाच नव्हता, अज्ञान होतें. देहाच्या या विपरीत वृत्तीस 'ॲलर्जी' हें नांव व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनीं १९०६ सालीं दिलें. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या स्नायूंत 'ट्रोपोमायोसिन' नांवाचें प्रथिन असतें. तें शिजविल्यानें नष्ट होत नाहीं, आणि तिघांत इतकें सारखें असतें कीं, एकास वैरी मानणारें शरीर बहुधा दुसऱ्यासही वैरी मानतें.

मग जिनें पूर्वीं कधीं खाल्लें नाहीं, तिला बाधा कशी? तर तसलेंच प्रथिन झुरळांत व गादीच्या धुळींतील सूक्ष्म किड्यांतही असतें. कवचाचे जलचर ज्यांस धर्मानें निषिद्ध, अशा कांहीं सनातनी यहुदी लोकांच्या रक्तांतही कोळंबीविरोधी द्रव्यें आढळल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. तात्पर्य, केवळ शाकाहारानें अभय मिळत नाहीं.

तथापि जातकुळीवरून सरसकट निवाडा करूं नये. माशांतील मुख्य बाधक प्रथिन निराळें. म्हणून कोळंबी न सोसणाऱ्यास सुरमई सोसूं शकते. भुईमूग हें कडधान्यांचें भावंड, तरी शेंगदाणे न सोसणाऱ्या पुष्कळांस तूर-हरभरा सोसतो. उलट काजू ज्यास बाधतो, त्यास पिस्ताही बहुधा बाधतो. हा निवाडा तज्ज्ञ डॉक्टरांनीं तपासून करावा. घरीं 'थोडें खाऊन पाहा' म्हणून नव्हे.

श्वास लागल्यास मांडींत ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन हाच पहिला उपाय. काढ्यांत वेळ दवडूं नये, तडक दवाखाना गांठावा. बंद खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कवचधारी जलचर, भुईमूग, दूध इत्यादींचा उल्लेख २०२० च्या नियमांन्वयें आवश्यक आहे; तो वाचीत जावा.

पुतणीच्या सासूबाई आतां तिची कढई व पळी निराळी ठेवितात. पाहुण्यास वाढण्यापूर्वीं 'आपणांस कांहीं बाधत तर नाहीं ना?' असें विचारणें, हाही आतिथ्याचाच भाग होय.