छोट्या खोलीला विरोध कशासाठी?

विद्यार्थी, मजूर, हातावर पोट असणारे यांच्यासाठी शहरात छोट्या, भाड्याच्या खोल्या बांधा म्हटले, की पहिला आक्षेप तयारच असतो : ‘म्हणजे पुन्हा चाळीच ना?’ आक्षेप निराधार नाही. मुंबईतल्या १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दाटीवाटीने राहिली. पण अन्याय होता तो एका खोलीत किती माणसे कोंबली याचा. तेवढ्याच जागेत एकटा माणूस सुखाने राहील. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला आज ‘कॉट बेसिस’वर खोली नव्हे, खोलीतली खाट मिळते. छोट्या खोलीला नाके मुरडणारे या खाटेबद्दल मात्र गप्प असतात.

दुसरा आक्षेप : भाडे कशाला, मालकीचे घर द्या. तीन वर्षे शिकायला आलेल्या मुलीने वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे काय? आणि ज्याच्याकडे पगाराची पावतीच नाही, त्याला कर्ज देणार कोण?

तिसरा आक्षेप जास्त वजनदार : हा प्रयोग फसलेला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे पनवेलजवळच्या कोन इथे दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची २,४१७ घरे झाली आणि २०१६मध्ये ती गिरणी कामगारांना मालकीने देण्यासाठी सोडत काढण्यात आली. जी घरे भाड्याने दिलीच नाहीत, त्यांच्यावरून भाड्याची कल्पना फसली असे कसे म्हणायचे?

उरला बाजारावर सोडून देण्याचा पर्याय. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. बाजार घरे बांधतो. ती गरजवंताच्या हाती पडतीलच असे नाही. बाजारभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदतही तोकडी : वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राज्याच्या स्वाधार योजनेतून मोठ्या शहरात राहण्यासाठी वर्षाला २०,००० रुपये ठरवले गेले; म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. एवढ्यात पेठेत खाट मिळणेही मुश्कील.

मग करायचे काय? जागा माणशी मोजावी : १६० चौरस फुटांत एक, फार तर दोघे, कुटुंबाला त्याहून मोठी जागा. जमीन महापालिकेची असावी, कॉलेज, स्टेशन आणि मंडईपासून चालत जाता येईल अशी. ती कधीही विकू नये. स्वयंपाकघर सामायिक चालेल. उजेड, वारा आणि स्वच्छ शौचालय यांत तडजोड नको. भाडे परवडणारे असावे, पण दरवर्षी थोडे वाढणारे. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, आणि मुंबईच्या चाळी खचल्या. तो धडा विसरता कामा नये.

पुणे महापालिकेने पेठांजवळचा एक भूखंड या कामासाठी राखून सुरुवात करावी. विरोधकांनी त्या खोल्यांत काय हवे ते जरूर सांगावे. खोल्याच नकोत असे म्हणायचा हक्क मात्र आधी पर्याय दाखवून मिळवावा.