टॉन्सिल्स आणि कालनिर्णय

परवा रविवारी दादाकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली आणि नेहमीचा विषय निघाला. टॉन्सिल्स काढायचे की नाही? भाचेबुवांचं वय वर्षं सहा, घसा सारखा सुजतो. वहिनी म्हणते, काढून टाकू, एकदाची कटकट मिटेल. आई म्हणते, छे, देवाने काय उगाच दिलेत का, प्रतिकारशक्ती जाईल पोराची. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या गोंगाटात मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. (वहिनी, तू वाचणार हे माहीत आहे. रागावू नकोस.)

मी फक्त एक प्रश्न विचारला होता, गेल्या वर्षभरात नक्की किती वेळा सुजला? वहिनी म्हणाली, "दहा-बारा वेळा तरी." दादा म्हणाला, "चारेक." घर एक, मूल एक, आणि उत्तरं ही!

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण टॉन्सिल्स किती मोठे दिसतात यावर भांडतो. खरं तर ते तीन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये मोठेच असतात, पुढे आपोआप लहान होत जातात. डॉक्टर लोक ऑपरेशनचा विचार करताना मोजतात ते आजारपण. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. तेही नुसतं "घसा खवखवतोय" चालत नाही. सोबत 101 च्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिल्सवर पांढरा थर किंवा जंतूंची तपासणी पॉझिटिव्ह, यातलं एक तरी हवं. याहून कमी असेल तर बहुतेक वेळा थांबून वाट बघणं योग्य, कारण बरीच मुलं वर्षभरात आपसूक सुधारतात.

नुसत्या नजरेने ठरवलं की काय होतं याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. 1934 साली न्यूयॉर्कमधल्या अकरा वर्षांच्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. 611 जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले. उरलेल्या 389 जणांना डॉक्टरांनी तपासलं आणि 174 जणांना ऑपरेशन सांगितलं. जे "ठीक" ठरले त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी त्यातल्या 99 जणांना ऑपरेशन सांगितलं. पुन्हा जे उरले ते तिसऱ्यांकडे, तिथे आणखी 51! दर वेळी साधारण निम्मे. तेव्हा वहिनी, "डॉक्टरांनी बघूनच सांगितलं" एवढ्यावर जाऊ नकोस. तारखा घेऊन जा.

पण आईच्या बाजूनेही मी नाही. तिच्या घरच्या उपायांवर माझा राग नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळ्याने बरं वाटतं. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते, नाक वाहतं, खोकला असतो, आठवड्यात जाते. तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. प्रश्न येतो तो स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा. एकदम ताप, गिळताना जीव जातो, गळ्यात गाठी, आणि खोकला मात्र नाही. असं असेल तर गुळण्यांवर भागवू नये. आणि औषध दिलं तर दहा दिवसांचं दहा दिवस घ्यावं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी ताप उतरला की बाटली फ्रिजच्या दारात जाते, पुढच्या वेळेसाठी!

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते ते नातेवाइकांना ठाऊक आहे. आमची मावशी. लहानपणी घसा सुजला, आजीने काढे दिले, बरा झाला. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग तो उतरून घोटा. सगळ्यांना वाटलं खेळताना पडली असेल. तो संधिवाताचा ताप होता, हे कळलं तिच्या पहिल्या बाळंतपणात, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. हृदयाची झडप आकसली होती. पुढे फुगा घालून ती रुंद केली, आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेतलं. त्या घसेदुखीत वेळेवर आणि पुरतं औषध मिळालं असतं तर हे बहुधा टळलं असतं. आजीचा दोष नाही, तिला कोण सांगणार होतं? आपल्याला सांगणारे आहेत, तरी आपण बाटली फ्रिजमध्ये ठेवतो.

असो. आता मला रविवारी खरं खटकलं ते वेगळंच. भाचेबुवा दुपारी सोफ्यावर झोपले होते, तोंड उघडं, मान मागे टाकलेली, आणि घोरणं मोठ्या माणसासारखं. मध्येच आवाज थांबायचा, मग दचकून श्वास. सगळे हसले, "आजोबांवर गेलाय." मला हसू आलं नाही. मोठ्या टॉन्सिल्समुळे झोपेत श्वास अडत असेल तर किती वेळा घसा सुजला हा हिशोबच लागू होत नाही. अशा मुलाची तपासणी लवकर करावी लागते. त्याची दिवसाची चिडचिड आणि पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, यांचाही याच्याशी संबंध असू शकतो.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी. एकच टॉन्सिल मोठा झाला आणि तसाच राहिला तर दाखवून घ्या. आणि एका बाजूला भयंकर दुखतंय, तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, आत पू झालेला असू शकतो. श्वासाला त्रास होत असेल, मग मूल असो की मोठं, तर सरळ हॉस्पिटल. टॉन्सिल्समधून निघणारे पांढरे वास मारणारे खडे मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, गुळण्या करा.

प्रतिकारशक्तीची भीती, आई, सोडून दे. शरीरात ते काम करणाऱ्या इतर ग्रंथी पुष्कळ आहेत. भीती बाळगायचीच तर ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास होऊ शकणाऱ्या रक्तस्रावाची बाळगावी. तो क्वचित होतो, पण झाला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. आइस्क्रीमच्या लालचीने हो म्हणणाऱ्या भाच्याला हे कोणी सांगितलेलं नाही.

वहिनी, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तू दुधाचे खाडे लिहितेस ना, त्याच चौकटीत घशाच्या तारखा आणि ताप किती ते लिही. आणि आज रात्री तो झोपला की मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढ, आवाजासकट. गुरुवारी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर.