गाडीची सफाई : घरच्या घरी, दोन बादल्यांत

आपल्या उपनगरांत घरात गाडी येते ती बहुधा पाच-सात वर्षांचे हप्ते सोबत घेऊनच येते. काही घरांत ती ईदला किंवा मे महिन्यात कोकणात जाण्यापुरती बाहेर निघते, तर काही घरांत तीच गाडी टॅक्सीच्या परवान्यावर दिवसभर धावते आणि त्यावर घरची चूल पेटते. दोन्ही घरांत एक गोष्ट मात्र सारखीच दिसते. गाडी नवी असताना कोणी बॉनेटला टेकून उभे राहिले तरी घरधनी हटकतात. आणि दोन वर्षांनी तीच गाडी उन्हात उभी केली की तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा चमकताना दिसतात. मग "कंपनीने रंगच हलका मारला" असे म्हणून विषय संपतो.

या रेषांपैकी बहुतेक रेषा गाडी पुसताना पडलेल्या असतात. रोज सकाळी, कोरड्या किंवा मळक्या फडक्याने, आपणच किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कोणीतरी त्या पाडलेल्या असतात. पावसाळा तोंडावर आला आहे. गाडीची नीट सफाई करून घ्यायला हीच योग्य वेळ आहे, म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे. त्यासाठी महागड्या स्टुडिओत जाण्याची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळचे दोन तास, दोन बादल्या आणि थोडे सामान एवढ्यावर सुरुवात होते.

रंग किती पातळ असतो

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सारी चमक केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यावर टिकून असते.

आता आपल्याकडची धूळ पाहा. जिकडे तिकडे जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या जात आहेत, मेट्रोची कामे चालू आहेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी जो करडा थर बसतो, त्यात सिमेंट आणि वाळूचे कण असतात. वाळूचा कण क्लिअर कोटहून कितीतरी कठीण असतो. त्यावर कोरडे फडके फिरवले की ते पॉलिशपेपरचे काम करते. गाडी चकचकीत दिसते, पण प्रत्येक फेऱ्यात काही रेषा कायमच्या उमटतात.

जागेप्रमाणे त्रासही बदलतो. वर्सोवा, मढ भागात समुद्राची खारी हवा पत्र्याला गंज आणते. जिथे रंगाचा टवका उडाला असेल तिथून त्याची सुरुवात होते. घाटकोपर, मुलुंडला रुळांलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण बसतात आणि काही दिवसांनी ते तांबूस ठिपके होऊन दिसतात. झाडाखालच्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पर्जन्यवृक्षावर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, पडला की त्याचा चिकट स्राव खालच्या गाड्यांवर ठिबकत राहतो. कावळे-कबुतरांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असते. उन्हात तापलेल्या बॉनेटवर ती दिवसभर राहिली तर रंगावर कायमचा डाग पाडते. विष्ठा दिसली की ओले फडके तिच्यावर पाच मिनिटे ठेवावे, ती मऊ झाली की हलकेच उचलून घ्यावी. नखाने खरवडू नये.

पाणी किती

पाइप लावून गाडी धुणे सगळ्यात सोपे वाटते. साध्या नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटे नळी चालू राहिली तर शंभर ते दीडशे लिटर पाणी गटारात गेले. आपल्याकडे शहरांत एका माणसाची दिवसभराची पाण्याची गरज १३५ लिटर धरतात. म्हणजे एका धुण्यात एका माणसाचे पूर्ण दिवसाचे पाणी संपते.

मुंबईचे पाणी सात तलावांतून येते : भातसा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी. यांतले विहार आणि तुळशी तेवढे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि त्यांचा वाटा लहान आहे. बाकी पाणी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून येते. ज्या शहापूर तालुक्यातून ते येते, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव आटले तेव्हा महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लावण्याची वेळ आली. वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण घरात मुलांना शिकवतो. तीच मुले खिडकीतून आपली नळी पाहत असतात.

दोन बादल्यांच्या पद्धतीत चिखलाने माखलेली गाडीही चाळीस लिटरांत स्वच्छ होते. नुसतीच धूळ असेल तर पंचवीस लिटर पुरतात.

सामान

पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्या, झाडांना पाणी घालायची एक झारी, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा एक हातमोजा, मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी, चाकांसाठी एक जुना ब्रश. सुरुवातीला एवढे पुरे.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे रंगावरचे वॅक्सही तो काढून टाकतो. कपड्यांची पावडर तीव्र असते आणि तिने रबराच्या पट्ट्या निस्तेज होतात. अब्बांच्या जुन्या बनियनचे फडकेही नको. सुती कापडात वाळूचा कण अडकून राहतो आणि रंगावर घासत जातो. मायक्रोफायबरचे केसाळ धागे तो कण आत ओढून घेतात.

फडक्यांचे रंग ठरवून घ्यावेत : एक रंग अंगासाठी, दुसरा काचांसाठी, तिसरा चाकांसाठी. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते चाकांच्या गठ्ठ्यात टाकावे. ही फडकी टॉवेलांबरोबर धुऊ नयेत, त्यांची तूस लागते. कपडे मऊ करणारे द्रवही त्यांना लावू नये, कारण त्याने पाणी शोषण्याची ताकद कमी होते.

धुण्याचा क्रम

फज्रनंतरचा तास या कामाला उत्तम. पत्रा थंड असतो, ऊन नसते. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि त्याचे डाग राहतात.

१. आधी चाके आणि चाकांच्या कमानी धुवाव्यात. सगळ्यात जास्त घाण तिथेच असते आणि तिचे शिंतोडे वर उडतात. हे पाणी आणि हा ब्रश वेगळा ठेवावा.

२. झारीने छतापासून खालपर्यंत पाणी सोडून धूळ भिजवावी आणि वाहू द्यावी. अजून हात लावायचा नाही. जेवढी धूळ इथे निघून जाईल तेवढ्या रेषा वाचतील.

३. एका बादलीत बाटलीवर लिहिलेल्या मापाने शाम्पू घालावा, दुसरीत नुसते पाणी. मोजा शाम्पूत बुडवून आधी छत, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग व बंपर घ्यावा. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल गोल नाही, आणि दाब देऊ नये.

४. एक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून पिळावा, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. दुसरी बादली याचसाठी असते. काम संपल्यावर तिच्या तळाशी बसलेला गाळ मुलांना जरूर दाखवावा. एकच बादली असती तर तो सगळा गाळ गाडीवर फिरला असता.

५. झारीने साबण उतरवून लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. आपल्या इमारतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर यात अजिबात दिरंगाई नको. त्या पाण्यातले क्षार वाळून काचांवर पांढरे ठिपके धरतात आणि ते सहजी निघत नाहीत.

धुऊन झाल्यावर गाडी सोसायटीच्या आवारातच सावकाश पुढे घेऊन दोन-तीनदा ब्रेक दाबावा, म्हणजे ब्रेकच्या चकत्या वाळतील. आवारात किंवा गल्लीत पाण्याचे डबके राहू देऊ नये, डासांना तेवढे पुरते.

गाडी पुसणाऱ्या भावाचे काय?

हे वाचून कोणी म्हणेल, मग उद्यापासून गाडी पुसणाऱ्याला बंद करून टाकू. आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. तो पहाटे येतो आणि लोक कामाला निघण्याआधी त्याला दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. सोसायटी त्याला एका नळावर एक-दोन बादल्या पाणी घेऊ देते. पहिल्या गाडीची वाळू त्याच बादलीतून शेवटच्या गाडीपर्यंत जाते. यात त्याचा दोष काय? आपण त्याला जेवढे पाणी, वेळ आणि पैसे देतो, तेवढ्यात हेच होणार.

त्याला आपल्या गाडीसाठी वेगळा मोजा आणि चार फडकी द्यावीत, दोन बादल्या वॉचमनच्या खोलीत ठेवाव्यात. रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा ओली सफाई करायला सांगावी. पगार मात्र तोच ठेवावा, जमल्यास वाढवावा. एकदा त्याच्यासोबत उभे राहून हा क्रम करून दाखवावा. तो तेच इतर गाड्यांवरही करू लागला तर सगळ्या सोसायटीचे भले होईल.

आतली बाजू

आतले काम मुलामुलींना वाटून देता येते. पायपुसण्या काढून झटकाव्यात आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत टाकू नयेत. ओल्या पायपुसणीखाली पावसाळ्यात बुरशी धरते आणि मग अत्तर शिंपडूनही कुबट वास जात नाही. धूळ वरून खाली काढावी. सीटच्या फटींसाठी जुना टूथब्रश चालतो. डॅशबोर्ड ओलसर फडक्याने पुसावा. चमक आणणारे तेलकट द्रव स्टिअरिंगला आणि पायाखालच्या पेडलना कधीही लावू नये, हातपाय घसरतात. टायरच्या रस्त्यावर टेकणाऱ्या भागालाही ते लावायचे नाही.

पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ, जाळीत सुकी पाने साठतात. ती आत्ताच काढून टाकावीत. पाणी जाण्याच्या वाटा तुंबल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत उतरते. वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसून पाहावे, ते कडक झाले असेल तर बदलावे. मुक्कामाला पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर आतला ओलावा वाळतो आणि वास धरत नाही.

गाडी सीएनजीची असेल तर डिकी झाडताना सिलिंडरवरची तपासणीची तारीखही पाहून घ्यावी. दर तीन वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी लागते. इंजिनच्या भागात पाणी ओतू नये. ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे असते.

पॉलिश, वॅक्स आणि बाकीचे

हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच फिरवावी. खरखर लागली तर रंगात कण रुतलेले आहेत. ते क्ले नावाच्या मातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून, काढता येतात. त्यानंतर पावसाळ्याआधी वॅक्सचा एक पातळ हात दिला की पाणी थेंब होऊन ओघळते आणि चिखल कमी चिकटतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी द्यावा. समोरच्या काचेवर मात्र वॅक्स लागू देऊ नये, पावसात वायपर फिरला की धुरकट दिसते.

रबिंग कंपाउंड आणि पॉलिश मशीन सध्या दूर ठेवावे. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडासा घासून काढणे, आणि घासलेला थर परत येत नाही. सिरॅमिक कोटिंगही ज्याला परवडेल त्याने खुशाल करावे, पण त्यानंतरही गाडी धुवावी लागतेच आणि मळके फडके त्यावरही रेषा पाडते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. त्या आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली. खारी हवा, वीस पावसाळे आणि दिवसरात्रीच्या सवाऱ्या सोसून ती टिकली. ना कोटिंग, ना स्टुडिओ. स्टँडवर सवारीची वाट पाहताना चालक तिची निगा स्वतःच्या हातांनी राखत असत. आजच्या गाडीचा रंग तर त्याहून चांगला असतो. येत्या सुट्टीच्या दिवशी दुसरी बादली तेवढी काढा, आणि काचेजवळ खोचून ठेवलेले ते कोरडे फडके आधी गाडीबाहेर टाका.