कुर्रर्र... नाव काय ठेवलं?



घरात बाळ आलं की बाराव्या दिवशी बारसं! आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. पण ते ठरेपर्यंत केवढा वाद! आजीला आजोबांचंच नाव हवं. आईची अडचण वेगळीच : सासऱ्यांचं नाव घेऊन लेकराला रागवायचं कसं?

आता शिवरायांचं घराणं पाहा. मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. एका पिराचं नाव दोन भावांत! पुढे १६३० साली शिवनेरीवर नातू जन्मला, त्याला गडावरच्या शिवाईदेवीचं नाव मिळालं, असं सांगतात.

तुमचं नाव कुणी सुचवलं? आजीला विचारा. आणि हो, कुठली नावं मागे पडली, तेही विचारा बरं का!